शब्दचर्चा: मोझॅक, टेराझो आणि गच्ची

प्रश्न (परभणी)

आमचे घर 1964 सालचे आहे. बैठकीच्या खोलीत दहा बाय दहा इंचांची, पांढुरक्या जमिनीवर काळे, पिवळे आणि शेंदरी ठिपके असलेली फरशी आहे. घरात सगळे तिला 'मोझॅक' म्हणतात, आजी मात्र शेवटपर्यंत 'चिप्सची फरशी' म्हणत असे. माझी भाची अंतर्गत सजावटीचे शिक्षण घेते, आणि तिला सिमेंटची जाळी, तिरप्या पायांच्या खुर्च्या, जुन्या आगपेट्यांवरची चित्रे असे त्या काळातले सगळेच आवडते. दिवाळीत आली तेव्हा ती फरशीवर अक्षरशः आडवी होऊन फोटो काढत होती. तिचे म्हणणे असे की ही 'टेराझो' आहे, मोझॅक म्हणजे वेगळेच काहीतरी असते, आणि आपण साठ वर्षे चुकीचा शब्द वापरत आलो आहोत. त्या काळातल्या घरांवर मला एक छोटा लेख लिहायचा आहे. त्यात कोणता शब्द वापरावा?

प्रतिसाद (लातूर)

इंग्रजी शब्दकोशाच्या दृष्टीने आपल्या भाचीचे बरोबर आहे, पण त्यावरून मराठी बोलणारा चुकला असे ठरत नाही. मूळ अर्थाने मोझॅक म्हणजे रंगीत दगडाचे किंवा काचेचे लहान तुकडे एकेक करून हाताने बसवून सिद्ध केलेली नक्षी किंवा चित्र. तो शब्द लॅटिनमार्गे ग्रीकांच्या कलादेवतांच्या नावाशी जोडला जातो. टेराझोमध्ये तुकडा कोणी बसवत नाही. सिमेंट, संगमरवराची भुकटी, रंग आणि संगमरवराचे बारीक तुकडे यांचा मिलावा ओतायचा, लाटून दाबायचा, पाणी मारून घट्ट होऊ द्यायचा आणि मग कार्बोरंडमच्या दगडांनी, आधी जाड आणि मग बारीक, पाणी सोडत घासायचा. घासताना तुकड्यांची पोटे उघडी पडतात. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे खड्याचा आडवा छेद असतो, आणि म्हणूनच कोणतेही दोन ठिपके सारखे नसतात. जागेवरच ओतलेली फरशी असेल तर तडे जाऊ नयेत म्हणून मध्ये काचेच्या किंवा धातूच्या पट्ट्या टाकून चौकटी पाडलेल्या असतात. आपली दहा इंची फरशी कारखान्यात दाबून तयार केलेली आणि बसवल्यावर घासलेली असणार.

आता नावाकडे येतो. 'टेराझो' हा इटालियन शब्द गच्चीवरून आला आहे. व्हेनिसकडचे कारागीर कामातून उरलेल्या संगमरवराच्या चुऱ्याची जमीन करीत, तिला गच्चीचे नाव मिळाले आणि ते नाव पुढे घरात शिरले. मराठीत नेमका उलटा प्रवास झालेला दिसतो. फारसी 'गच' म्हणजे चुना किंवा लेप. मराठीत 'गच' म्हणजे चुन्याने घट्ट केलेली जमीन, आणि तशी जमीन ज्या छपरावर केली ती 'गच्ची'. म्हणजे इटालियनमध्ये गच्चीने जमिनीला नाव दिले आणि मराठीत जमिनीने गच्चीला. आपल्या मराठवाड्यात तर हा फरक पूर्वी डोळ्यांना दिसत असे, कारण लाकडी पाटांवर पांढरी माती टाकलेले छप्पर म्हणजे माळवद; त्याला कोणी गच्ची म्हणत नसे. औरंगाबादचा बीबी का मकबरा खालच्या पट्ट्यात संगमरवराचा आहे आणि वर बराचसा गिलाव्याच्या नक्षीचा. त्या कामाला गचकारी म्हणतात, तोच हा 'गच'.

खरी गंमत पुढे आहे. आज आपण घराच्या छतावर उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून पांढऱ्या चकचकीत टाइल्सचे फुटके तुकडे सिमेंटमध्ये बसवतो आणि त्याला 'चायना मोझॅक' म्हणतो. तिथे तुकडे खरोखरच हाताने बसवलेले असतात, म्हणून मूळ अर्थाचा मोझॅक तोच. चंडीगडला नेक चंद यांनी 1957 च्या सुमारास गुपचूप सुरू केलेल्या आणि 1976 मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या रॉक गार्डनमध्ये फुटक्या बशा-कपांची अशीच कामे आहेत. पुण्यात जन्मलेले वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांच्या अहमदाबादच्या 'संगाथ' या कार्यालयाच्या कमानदार छपरांवरही हीच पांढरी कपची आहे. थोडक्यात, आपण मोझॅक गच्चीवर ठेवला आणि गच्चीचे नाव असलेला टेराझो बैठकीत अंथरून त्यालाही मोझॅकच म्हटले.

प्रतिसाद (नांदेड)

वरील विवेचन आवडले, पण निष्कर्ष पटला नाही. मी बत्तीस वर्षे बांधकामाच्या अंदाजपत्रकांत घालवली आहेत. जागेवर ओतायच्या अशा फरशीसाठी जी भारतीय मानक संहिता आहे, क्रमांक 2114, तिच्या शीर्षकातच 'टेराझो' आहे. अंदाजपत्रकात 'मोझॅक' लिहिले तर ठेकेदार टाइल्सही लावू शकतो आणि जागेवर ओतूही शकतो, आणि दोन्हींचे दर निराळे असतात. एका कामावर याच एका शब्दावरून तीन महिने पत्रव्यवहार झाला होता. आजींचा 'चिप्स' हा शब्दही हिणवण्यासारखा नाही. सरकारी कागदांत 'मार्बल चिप्स फ्लोअरिंग' असे असे, आणि गवंडी, पॉलिशवाले, त्यांच्याशी दखनीत बोलणारे आपण, सर्वांनी त्यातला सोयीचा तुकडा उचलला. 'फरशी' हा शब्दही अरबी-फारसी 'फर्श' वरूनच आलेला आहे. मुंबईकर 'लादी' म्हणतो. आपल्याकडे लादी म्हटले की आधी बर्फाची किंवा पावाची आठवते.

प्रतिसाद (लातूर)

अंदाजपत्रकापुरते आपले म्हणणे मान्य आहे. तिथे शब्द म्हणजे माप असते, आणि मापात ढिलाई चालत नाही. लेखाची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण गेल्या काही वर्षांत 'टेराझो' या शब्दाचाच अर्थ आपल्याकडे बदलला आहे आणि प्रश्नकर्त्यांची खरी अडचण तिथे आहे. दुकानात जाऊन टेराझो मागून पाहावे. समोर येते ती छापील ठिपक्यांची व्हिट्रिफाइड टाइल. तोच ठिपका मोबाइलच्या कव्हरवर, उशीच्या अभ्र्यावर आणि लग्नपत्रिकेवरही येतो. म्हणजे बाजारात टेराझो हे एका नक्षीचे नाव झाले आहे, तर मोझॅक हे अजूनही एका कामाचे नाव आहे. ओळखायची रीत सोपी आहे: छापील टाइलचा टवका उडाला तर आतून एकरंगी माती दिसते, मोझॅकचा उडाला तर आत आणखी खडे दिसतात. म्हणून जुनी मोझॅक निस्तेज झाली की सांध्यांच्या फटी भरून पुन्हा घासून घेता येते. छापील नक्षी घासून पाहण्याचे धाडस कोणी करू नये.

परदेशातील उदाहरण देताना मात्र मी टेराझोच लिहीन. हॉलिवूडच्या पदपथावर 1960 पासून बसवलेले पितळी काठांचे गुलाबी तारे टेराझोचे आहेत. त्यांना मोझॅक म्हटले तर वाचकाच्या डोळ्यांसमोर भलतेच चित्र उभे राहील. परभणीच्या बैठकीतली फरशी मात्र मोझॅक. ज्या पिढीने शेणाने सारवलेल्या जमिनीवरून आणि शहाबादी फरशीवरून तिच्यावर पहिल्यांदा पाय ठेवला, तिने ते नाव ठेवले आहे. एकदा कंसात किंवा ओघात 'जिला आता टेराझो म्हणतात' असा उल्लेख करावा आणि पुढे निर्धास्तपणे मोझॅक लिहावे. 'चिप्सची फरशी' हा शब्द आजींच्या तोंडी जसाच्या तसा ठेवावा. त्याचे शुद्धीकरण करू नये. कोणी 'संगमखडी भूमिका' अशासारखा शब्द सुचवण्याआधीच सांगतो, कृपया नको.

प्रश्नकर्ता (परभणी)

दोघांचेही आभार. काल टवक्याची परीक्षा करून पाहिली. उंबऱ्याजवळ कधीतरी पाटा पडून एक कोपरा उडाला आहे आणि त्यात खरोखरच आणखी खडे आहेत. त्यांतला एक हिरवा आहे, जो वर कुठेच दिसत नाही. भिंतीच्या कडेने चार बोटे रुंदीची पट्टी जरा खरबरीत लागते, तिथे घासायचे यंत्र पोहोचले नसावे आणि कोणीतरी हातानेच दगड फिरवला असावा. भाचीला फोटो पाठवला. तिचे उत्तर आले, 'मामा, या पट्टीला काय म्हणतात?' हा शब्द कोणाला ठाऊक असल्यास कळवावा.