जुन्या ट्रॅक्टरचं गिअर ऑइल: नुसता ९० नंबर पाहू नका

'जुन्या ट्रॅक्टरला ९० नंबरचं (नंबर म्हणजे तेलाचा जाडपणा) कुठलंही गिअर ऑइल चालेल' असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. आधी गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) आणि हायड्रॉलिक लिफ्ट एकाच तेलावर आहेत का ते मॅन्युअलमध्ये बघा.

हायड्रॉलिक वेगळं असेल तर ८०डब्ल्यू-९० जाडीचं जीएल-४ (जीएल म्हणजे गिअर ऑइलची प्रत) किंवा साधं मिनरल गिअर ऑइल घाला. जीएल-५ टाळा: त्यातल्या गंधक-फॉस्फरसच्या ॲडिटिव्हचं प्रमाण जास्त असतं आणि जुन्या गिअरबॉक्समधले पितळी-ब्रॉन्झ बुश, वॉशर ते हळूहळू खाऊ शकतं. डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही छापलं असेल तरी माझ्या मते नकोच.

तिन्हींना तेल एकच असेल तर मॅन्युअलमधल्या तेलाला पर्याय म्हणून दिलेलं यूटीटीओ (गिअर, हायड्रॉलिक आणि तेलातले ब्रेक या सगळ्यांसाठीचं ट्रॅक्टर तेल) घाला. जाड ९० थंडीत पंपाला ओढता येत नाही, लिफ्ट रखडत उठते, पंप कण्हतो. ब्रेक तेलात बुडालेले असतील तर यूटीटीओच हवं, नाहीतर ब्रेक किंचाळतात, थरथरतात. हे तेल पातळ असतं. झिजलेल्या सीलमधून पाझरेल. दोष तेलाचा नव्हे, सील बदला.

बदलण्याआधी जुनं तेल काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा. तळाशी पाणी बसलं किंवा तेल ताकासारखं पांढरट राहिलं, तर गिअर लिव्हरचं रबरी बूट तपासा. पाणी बहुधा तिथूनच शिरतं. ट्रॅक्टर अर्धा तास चालवून तेल गरम असतानाच सगळे ड्रेन प्लग उघडा. काही मॉडेलना तीन असतात, एकच उघडला तर बरंच तेल आत राहतं. भरताना लिफ्टचे हात खाली, इंजिन बंद.