अपडेट झालं आणि फोन गप्प झाला. आता अपडेट बंदच ठेवावं का?

ऐकतेय_मी

नमस्कार. थोडं लांबलचक लिहिते आहे, पण सगळं नीट सांगितल्याशिवाय उत्तर मिळायचं नाही.

मी जन्मांध आहे. फिजिओथेरपी करते. अँड्रॉइड फोन टॉकबॅकवर, म्हणजे काचेवरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर, वापरायला लागून ११ वर्षं झाली. पेशंटच्या वेळा, व्यायामाच्या नोंदी, पैशांचे व्यवहार, सगळं फोनवरच. गेल्या आठवड्यात फोनने रात्री आपणहून अपडेट घेतलं आणि रीस्टार्ट झाला. सकाळी पॉवरचं बटण दाबलं तर आवाज नाही. वाटलं, चार्जिंग संपलं. पण काचेवर बोट फिरवलं की बारीक कंपन जाणवत होतं. म्हणजे फोन सुरू होता, टॉकबॅकही सुरू होता, फक्त बोलत नव्हता.

पिनचे आकडे कसे मांडलेत ते मला पाठ आहे. डाव्या कडेने बोट वरून खाली आणलं की प्रत्येक बटणावर एक टिक लागते: एक, चार, सात. पण त्यांच्या वर घड्याळ असतं, पिनची चौकट असते, त्यांचीही टिक लागते. ते लक्षात न आल्याने दोनदा पिन चुकला. मग खालून मोजत वर गेले. आकडा सापडला की डबल टॅप, पुन्हा खाली, पुन्हा मोजणं. तिसऱ्या खेपेला कुलूप उघडलं आणि फोन एकदम बोलायला लागला. तोवर पहिला पेशंट येऊन बसला होता आणि त्याने आधी केलेले दोन फोन मला उचलता आले नव्हते.

एवढ्यावर भागलं नाही. खालची बॅक, होम आणि रीसेंटची बटणं गायब. माझा अंगठा त्या कोपऱ्यात आपोआप जातो, तिथे काहीच नाही. खालच्या पट्ट्यातला टचच गेला असं समजून मी फोन दुरुस्तीला द्यायला निघाले होते. शेजारची मुलगी म्हणाली, "अहो मावशी, इथे आता नुसती एक रेघ आहे." तिला ते बघताक्षणी कळलं. तिने फोनकडे पाहिलं आणि बदल तिच्यासमोर होता. मला आधी हे शोधावं लागतं की फोन बिघडलाय, माझं बोट चुकतंय की कुणीतरी काहीतरी बदललंय. त्यानंतर कुठे नवीन रीत शिकायला सुरुवात. दिवसभर लोकांचे सांधे आणि स्नायू हाताखालून जातात माझ्या, बोटांना लागलेली सवय मोडायला किती दिवस जातात ते मला चांगलं माहीत आहे.

आणखी दोन गोष्टी. अपॉइंटमेंटच्या ॲपमधल्या बटणांना नावं नव्हती, ती मी एकेक करून टॉकबॅकमधून दिली होती, चाळीसेक तरी असतील. ॲपची नवी आवृत्ती आली आणि सगळी पुसली गेली. आता पुन्हा "अनलेबल्ड, बटन", "अनलेबल्ड, बटन". आणि पैसे पाठवायचं ॲप उघडतच नाही, "असुरक्षित सेवा सुरू आहे" म्हणतं आणि बंद होतं. टॉकबॅकखेरीज माझ्याकडे चित्रातली अक्षरं वाचून दाखवणारं एक मदतनीस ॲप आहे, प्ले स्टोअरऐवजी फाइलवरून टाकलेलं. त्याचा काही संबंध असेल का?

भाऊ म्हणतो, अपडेट कायमचं बंद करून टाक. पण फोनवर पैसे आहेत, तसं करायची भीती वाटते. तुम्ही काय करता?

---

निनाद_कोड

ताई, मी डोळस आहे, अँड्रॉइड ॲप्स बनवतो. वेगवेगळ्या ठिकाणचे बदल तुमच्यावर एकदम येऊन आदळले, म्हणून एकेक सुटं करून सांगतो.

आवाज. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, रीस्टार्टनंतर पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत फोनमधला बहुतेक साठा कुलूपबंद असतो. त्या अवस्थेत चालतील अशी खास तयार केलेलीच ॲप्स तेव्हा चालतात. टॉकबॅक चालतो, म्हणून कंपन लागत होतं. पण बोलणारं इंजिन वेगळं ॲप असतं. नंतर बसवलेला एखादा आवाज त्या वेळी जागाच होत नाही. मग टॉकबॅक फोनमधलं दुसरं इंजिन शोधतो. तुम्ही फोनसोबत आलेलं मूळ इंजिन डिसेबल केलंय का? तसं असेल तर दुरुस्ती सोपी आहे: ते पुन्हा सुरू करा. रोज आवडीचाच आवाज ठेवा, मूळचा फक्त फोनमध्ये असू द्या.

खालची बटणं. अँड्रॉइड १० मध्ये, २०१९ ला, पूर्ण जेश्चरवर, म्हणजे बटणांऐवजी बोटांच्या खुणांवर, चालणारं नेव्हिगेशन आलं. टॉकबॅक सुरू असताना एक बोट स्क्रीन चाचपायला राखीव असतं, म्हणून होमसाठी खालून वर दोन बोटांनी स्वाइप करावं लागतं. पण जुनी तीन बटणं बहुतेक फोनमध्ये अजून आहेत. सेटिंग्जच्या शोधपट्टीत "नेव्हिगेशन" लिहा आणि तीन बटणांचा पर्याय निवडा.

लेबलं. तुम्ही दिलेलं नाव ॲपच्या आतल्या एका ओळखखुणेला बांधलेलं असतं. ॲप नव्याने लिहिलं की खुणा बदलतात, कधी उरतच नाहीत, आणि तुमचं नाव लटकत राहतं. चाळीस बटणांवर घातलेला वेळ असा वाया जातो याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण आमच्या बाजूला ते काम एकेका ओळीचं असतं. कंटेंट डिस्क्रिप्शन, म्हणजे स्क्रीन रीडरने वाचायचं बटणाचं नाव, लिहायचं, संपलं. त्या ॲपवाल्यांना लिहा, आणि कुठल्या पानावरचं कितवं बटण ते मोजून सांगा. "ॲप ॲक्सेसिबल नाही" एवढंच लिहिलं तर ते पत्र कुणाच्याच टेबलावर जात नाही.

पैशांच्या ॲपबद्दल संध्याकाळी लिहितो, ते जरा मोठं आहे.

---

अमोघ_एक

माझं ऐकाल तर बंदच ठेवा. मी अल्पदृष्टी आहे, दोन वर्षं एकही अपडेट घेतलेलं नाही. फोन जसाच्या तसा, कटकट नाही.

---

जुना_कीपॅड

अमोघ, हे मीही करून पाहिलं आहे. नोकियाचे जुने, सिम्बियन प्रणालीचे फोन आठवत असतील त्यांना आठवतील. पाचच्या बटणावर बारीक उंचवटा, त्यावरून सगळं कीपॅड बोटाला दिसायचं. टॉक्स किंवा मोबाइल स्पीक हा स्क्रीन रीडर वेगळा विकत घ्यायचा, त्याचा परवाना त्या एका फोनच्या आयएमईआयला, म्हणजे ओळख क्रमांकाला, बांधलेला. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने जाहीर केलं की यापुढे मुख्य फोन विंडोज फोनवर चालतील. त्या विंडोज फोनमध्ये तेव्हा स्क्रीन रीडरच नव्हता. त्याचा स्क्रीन रीडर, नॅरेटर, आला तो विंडोज फोन ८.१ सोबत, २०१४ मध्ये.

मी ठरवलं, आपण हललोच नाही तर काय बिघडतं? माझा फोन उत्तम चालत होता. पण हळूहळू ब्राउझरमध्ये साइट उघडेनाशा झाल्या, मेल जाईना, नवीन काहीच त्यावर बसेना. फोनने एकदाही कुरकूर केली नाही, त्याच्या भोवतालचं सगळं पुढे निघून गेलं. शेवटी सपाट काचेवर आलो तेव्हा बाकीचे दोन-तीन वर्षं पुढे होते आणि मला सगळं एकाच वेळी शिकावं लागलं. ते महिने मी पुन्हा कुणावर येऊ नयेत म्हणेन.

तेव्हा ताई, बंद नको. दिवस आपण ठरवायचा. आपोआप अपडेट बंद, आणि हाताने अपडेट अशा दिवशी, जेव्हा फोन चार तास गेला तरी चालेल आणि घरात कुणी डोळस माणूस असेल. त्याआधी एकदा मुद्दाम रीस्टार्ट करून पिनच्या पानावर आवाज येतो का ते पाहायचं.

दुसरं म्हणजे टॉकबॅक स्वतः प्ले स्टोअरवरून, अँड्रॉइड ॲक्सेसिबिलिटी सूटमधून अपडेट होतो. म्हणजे फोन जुना असला तरी स्क्रीन रीडर बदलू शकतो. २०२१ मध्ये ९.१ आला तेव्हा दोन-तीन-चार बोटांची जेश्चर आली आणि आधीचे दोन मेनू जाऊन एकच झाला. तीन बोटांनी टॅप केलं की मेनू उघडतो, हे मला कोनात बोट वळवण्यापेक्षा कितीतरी सोपं जातं, माझा हात थरथरतो. बदल चांगलाच होता. मात्र पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. आता टॉकबॅकच्या सेटिंगमध्ये जेश्चरचा सराव करायचं पान आहे आणि जेश्चर आपल्या मनासारखी बदलताही येतात. अपडेट झालं की मी आधी त्या सरावाच्या पानावर जातो, बाकीचं नंतर.

---

सावनी_व्हीओ

आयफोनवरून लिहितेय. आमच्याकडचा स्क्रीन रीडर, व्हॉइसओव्हर, आयओएसच्या, म्हणजे आयफोनच्या मूळ प्रणालीच्या, आतच असतो, वेगळा अपडेट होत नाही. आणि नवी आवृत्ती घेतली की काही दिवसांनी जुनीवर परत जायची वाट बंद होते. म्हणून मी मोठी आवृत्ती पहिल्या दिवशी कधीच घेत नाही. ॲपलविस नावाची साइट प्रत्येक मोठ्या आवृत्तीबरोबर व्हॉइसओव्हरमधल्या नव्या चुकांची यादी देते, ती वाचते, त्यातली माझ्या कामाच्या आड येणारी कुठली ते बघते आणि मग घेते.

तुमच्या कोपऱ्यातल्या अंगठ्याचं वाचून २०१७ आठवलं. आयफोन टेनमध्ये होम बटणच गेलं. आमच्यासाठी ते बटण म्हणजे रस्ता चुकला की धरायचा कठडा होता. आता खालच्या कडेवरून बोट हळू वर सरकवायचं, पहिलं कंपन लागलं की उचलायचं, होम. उचलायला उशीर झाला तर ॲप स्विचर, म्हणजे उघड्या ॲप्सची यादी. ते "पहिलं" ओळखायला मला आठवडा लागला.

---

निनाद_कोड

पैशांचं ॲप. टॉकबॅक किंवा तुमचं मदतनीस ॲप यांसारख्या ॲक्सेसिबिलिटी सेवेला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणही दाबता येतं. टॉकबॅकला ही ताकद लागतेच. पण पैसे चोरणाऱ्या ट्रोजनलाही, म्हणजे साध्या ॲपच्या वेषातल्या घातक ॲपलाही, नेमकी तीच हवी असते आणि ते तिचा गैरवापर करतात, ही भीती खरी आहे. म्हणून अँड्रॉइड १३ पासून, २०२२ ला, फाइलवरून टाकलेल्या ॲपला ही परवानगी सहज देता येत नाही. आधी एकदा प्रयत्न करायचा, नकार आला की सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या माहितीच्या पानावर जाऊन वरच्या मेनूतून मर्यादित सेटिंग्जना परवानगी द्यायची. पण ॲपच्या मूळ बनवणाऱ्यावर पूर्ण विश्वास असेल तरच, ताई.

पैशांचं ॲप मात्र सुरू असलेल्या सेवांची यादी स्वतः तपासून दार लावतंय. त्याची गरज नाही. अँड्रॉइड १२ पासून सेवेला "मी अपंग व्यक्तींसाठीचं साधन आहे" अशी खूण लावता येते, आणि १४ पासून ॲप आपली नाजूक पानं फक्त अशी खूण नसलेल्या सेवांपासून लपवू शकतं. म्हणजे चोर बाहेर आणि टॉकबॅक आत, हे जमतं. कंपनीला लिहाल तेव्हा हेच शब्द वापरा, मसुदा हवा असेल तर मी करून देतो.

अमोघ, तुमच्यासाठी: सुरक्षेचे पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारी छोटी अपडेट, वेगळे आणि नवी आवृत्ती वेगळी. अँड्रॉइडची सुरक्षा पत्रकं २०१५ च्या ऑगस्टपासून दर महिन्याला निघतात. बऱ्याच फोनवर पॅच घेऊन मोठी आवृत्ती थांबवता येते. दोन वर्षं दोन्ही थांबवणं धोक्याचं आहे.

---

ऐकतेय_मी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी बसून एकेक केलं.

निनाद, बरोबर ओळखलंत. मूळ इंजिनचा आवाज मला आवडत नाही, म्हणून वर्षापूर्वी मीच ते डिसेबल केलं होतं. सुरू केलं, रीस्टार्ट केलं, पिनच्या पानावर तोच नावडता आवाज बोलला, आणि मला त्याच्याइतकं गोड काही वाटलं नाही. तीन बटणं परत आली. अंगठा कोपऱ्यात गेला आणि "बॅक" ऐकू आलं तेव्हा खांदे सैल पडले माझे, इतके दिवस आवळलेले होते हे तेव्हा कळलं.

अपॉइंटमेंटच्या ॲपवाल्यांना लिहिलं. सगळी चाळीस नाही, रोज लागणारी नऊच. "दिवसाचं पान, तारखेनंतर उजवीकडे स्वाइप केल्यावर तिसरं बटण, दाबल्यावर पेशंटची वेळ रद्द होते आणि खात्रीसुद्धा विचारत नाही" असं एकेक. हे शेवटचं लिहिताना हात थांबला, कारण नाव नसलेल्या त्या बटणावर डबल टॅप करून मी गेल्या आठवड्यात एका बाईंची वेळ खरोखर रद्द केली होती. त्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, जिना चढून आल्या आणि त्यांच्या वेळेला दुसरं कुणी बसलेलं.

पैशांचं ॲप अजून अडलेलंच आहे. मदतनीस ॲप बंद केलं की उघडतं, म्हणजे टॉकबॅक त्यांना चालतो. तेव्हा सध्या व्यवहाराआधी ते बंद, नंतर चालू, असं करते आहे. निनाद, मसुदा नक्की पाठवा.

काका, तुमचं सरावाचं पान सापडलं. आपोआप अपडेटही बंद केलं. पुढचं एक अपडेट सूचनांमध्ये येऊन बसलंय. परवा माझी सुट्टी आहे, शेजारची मुलगीही घरी असते. तेव्हा घेईन आणि काय बदललं ते इथे लिहीन.