डुगडुगणारं कपाट: दुरुस्त करायचं की भंगारात द्यायचं?

फळीवाला
खोक्यातून येणारं, घरी जोडायचं फर्निचर हलायला लागलं की लोक सरळ म्हणतात, "भुशाचं आहे, टाकून द्या." मला हे पटत नाही. फळी बहुतेक वेळा धडधाकट असते, सैल झालेला असतो तो सांधा. आणि सांधा दुरुस्त होतो.

पुस्तकांचं उंच कपाट घ्या. ते डावी-उजवीकडे झुलतं ते पाठीमुळे. पाठीचा ३ मिमी हार्डबोर्ड बारीक चुकांवर (छोट्या खिळ्यांवर) बसवलेला असतो आणि त्या चुका सुटतात. लोकांना वाटतं पाठ म्हणजे धूळ अडवायचं झाकण. खरं तर चौकट काटकोनात धरून ठेवते तीच. कपाट पालथं घाला, दोन्ही कर्ण टेपने मोजा, सारखे येईपर्यंत चौकट सरकवा. मग ६ मिमी प्लायची पाठ कडेने दर १५ सेंमीला स्क्रू मारून बसवा. आधी बारीक ड्रिल फिरवा, नाहीतर फळीची कड फुटते.

मिनिफिक्सचा, म्हणजे फळ्या जोडणाऱ्या फिरत्या खटक्याचा, बोल्ट सैल झाला असेल, तर त्या भोकातला भुसा गळलेला असतो. भोक १० मिमीचं करा, लाकडी खुंटी फेविकॉल लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, वर आलेला भाग कापा आणि तिथेच नवीन ५ मिमीचं भोक पाडा. ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खोली ठरवून घ्या. फळी जेमतेम १८ मिमीची असते, आरपार जायला वेळ लागत नाही.

रंधा
मी सुतारकाम करतो, रत्नागिरीकडे. तुमची कृती कोरड्या गावात चालेल. आमच्याकडे पावसाळ्यात भिंती घाम गाळतात. पार्टिकल बोर्डच्या (भुसा दाबून केलेल्या फळीच्या) खालच्या कडेला एकदा ओल लागली की ती फुगते, आणि वाळली तरी मूळ जाडीवर येत नाही. आतली पकडच सुटलेली असते. तिथे खुंटी ठोकली की आजूबाजूचा भुसाही सुटतो.

गिऱ्हाईक मजुरी देतं आणि दिवाळीआधी परत बोलावतं. मला ते पैसे घेववत नाहीत. त्यापेक्षा प्लायचं एकच कपाट करा, ओलीच्या भिंतीला असेल तर आयएस ७१० चं, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचं. महाग पडेल, पण टिकेल.

फळीवाला
फुगलेल्या फळीबद्दल वाद नाही. पण तपासल्याशिवाय कपाटाला मेलेलं ठरवू नका. कडेत स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. सहज आत गेलं तर ती फळी गेली. नाही गेलं तर काम करण्यासारखं आहे. शिवाय फुगते ती बहुधा खालची एकच फळी. तेवढीच प्लायची बदला, खाली प्लास्टिकचे पाय लावा म्हणजे लादी पुसतानाचं पाणी लागणार नाही.

अकरा_महिने
तुम्ही दोघंही स्वतःचं घर असल्यासारखं बोलताय. आमचा करार अकरा महिन्यांचा. घर बदललं की कपाट उघडायचं, टेम्पोत घालायचं, पुन्हा जोडायचं. प्लायचं अखंड कपाट जिन्यातून वळत नाही. आणि फळ्या फेविकॉलने चिकटवल्या तर त्या उघडणार कशा? (सनमायकासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर तो धड धरतही नाही. त्याला उघडी कड लागते.)

माझ्या मते भाड्याच्या घरात सांध्याला गोंद लावूच नये. आतल्या कोपऱ्यात एल-पट्टी बसवा, पण लाकडी स्क्रूवर नको. फळीतून आरपार ६ मिमीचा नट-बोल्ट, बाहेरून मोठा वॉशर. वॉशर दिसतो, दिसू दे. कितीही वेळा उघडा, भोक झिजत नाही.

रंधा
आरपार बोल्टची सूचना चोख आहे, मीही तेच करीन. मात्र बोल्ट कडेपासून निदान तीन-चार सेंमी आत घ्या. कडेशी घेतला तर तुकडा निघतो.

दोन_लेकरांची_आई
मजबुतीवर इतकं बोललात, पण कपाट भिंतीला बांधायचं कुणीच म्हणालं नाही. लहान मूल उघड्या खणांवर चढलं की घट्ट जोडलेलं कपाटही अख्खंच्या अख्खं अंगावर येतं. आयकियाने जून २०१६ मध्ये अमेरिकेत ओढायच्या खणांची सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत बोलावली ती मुलं दगावल्यानंतर. भिंतीला न बांधलेली ती कपाटं पुढे झुकत होती. माझ्या दृष्टीने हे काम आधी, डुगडुग नंतर.

अकरा_महिने
पटतं, पण घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. त्यावर काय करायचं?

दोन_लेकरांची_आई
फोटो दाखवून परवानगी मागा आणि जाताना भोक पुट्टीने बुजवून देऊ म्हणून लिहून द्या. तरी नाही म्हणाले तर लहान मुलांच्या घरात उंच कपाट ठेवू नका. बुटकं घ्या, जड वस्तू खालच्या खणात ठेवा.

रंधा
भोक पाडताना भिंत कशाची आहे ते आधी बघा. नव्या इमारतींत हलके, पांढरट ब्लॉक असतात. त्यात साधा प्लास्टिकचा रावल प्लग ओढला की निघून येतो. दुकानात ब्लॉकसाठीचा वेगळा, लांब प्लग मागा, आणि बसवल्यावर कपाट भिंतीला बांधणारी पट्टी हाताने जोरात ओढून बघा.