मदत हवी आहे: बंद वाड्यात फोटोंचं प्रदर्शन, खिळा न ठोकता

नमस्कार मंडळी. फ्रान्समधल्या आर्ल शहरात १९७०पासून फोटोग्राफी महोत्सव भरतो. रेल्वेच्या बंद पडलेल्या कारखान्यातही तिथे प्रदर्शनं लागली आहेत. तसंच काहीतरी जुन्या नाशकात, सराफ बाजाराजवळच्या एका रिकाम्या वाड्यात करायचंय. मालक तयार आहेत. अडचण भिंतींची. चुन्याचा गिलावा बोट लावलं तरी भुगा होऊन पडतो, खाली हातभर ओल आणि वर पांढरा खार. खिळा ठोकायचा नाहीच, वाडा आधीच खूप सोसून उभा आहे. तुळयांना दोऱ्या बांधून फोटो सोडले तर चालेल का? ओलीत टिकायला सनबोर्ड (फोटो लावायचा हलका फोमचा बोर्ड) बरा की कापडावरची छपाई? आणि महत्त्वाचं, माडीवर एका वेळी किती माणसं सोडावीत (जिना फार अरुंद आहे), हे प्रत्यक्ष बघून सांगणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर कुणाच्या ओळखीत आहे का? दिवाळीनंतर करायचा विचार आहे.