बोलेरो पिकअप: जुना स्टॉक सवलतीत घ्यावा का नवीन मॅक्स? (रावेर, केळीची वाहतूक)

केळीवाला_रावेर

राम राम मंडळी. रावेर तालुक्यात घरची केळी आहे, शिवाय आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा माल पण उचलायचा विचार आहे. आत्तापर्यंत भाड्याची गाडी बोलवायचो पण कटाईच्या दिवशी फोन लावला की तो म्हणणार निघालोच भाऊ आणि इकडं मजूर बांधावर बसून, माल उन्हात. म्हणून घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं की यंदा स्वतःची पिकअप घ्यायची.

आता घोळ असा झालाय की एप्रिलात बोलेरो मॅक्स पिकअप आली, २५ एप्रिल २०२३ ला महिंद्रा कंपनीनं पूर्ण रेंजच काढली, एचडी आणि सिटी अशा दोन सिरीज. आणि शोरूममध्ये जुनी १.७ टनवाली मोठी पिकअप अजून उभी आहे, तिच्यावर सत्तर हजार सूट देऊ राह्यले, पहिल्या वर्षाचा विमा पण तेच भरणार म्हणतात. नवीनची जाहिरातीतली किंमत तेव्हा, २०२३ ला, ७.८५ लाखापासून होती पण ती सगळ्यात छोट्या मॉडेलची, मला एचडी दोन टनवाली बघायची तर ऑनरोड दोघींत पावणेदोन लाखाचा फरक पडतोय.

काम काय तर शेतातून पॅकहाउस, सावदा, कधी बऱ्हाणपूर. परतीत खत नाहीतर ठिबकच्या नळ्या. रस्ता तुम्हाला माहीतच आहे, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर, आणि शेतशिवारात पावसाळ्यात काळी माती. घरचे म्हणतात जुनी घे, पोरगा म्हणतो नवीन घे. ज्यांनी वापरलीय किंवा माहिती आहे त्यांनी सांगा.

शिरपूरकर_दादा

जुनी घ्या भो, डोळे मिटून. कोणतीही गाडी असो, पहिल्या लॉटची घ्यायची नाही हे आपलं ठरलेलं. वर्षभर लोकांना वापरू द्या, काय बोंबलतं ते कळू द्या, मग बघू. जुन्या पिकअपचा क्लच प्लेट म्हणा, पाटे (चाकावरच्या स्प्रिंगा) म्हणा, कुठल्याही तालुक्याच्या गावाला मिळतात, रात्री कोंडाईबारी घाटात उभी राहिली तरी पिंपळनेर-विसरवाडी कुठून तरी मिस्त्री येतो आणि उघडल्या उघडल्या सांगतो काय गेलं ते. नवीनला आत्ता नुसता लॅपटॉप लावणारा शोधत फिरा.

गॅरेजवाला_जळगाव

शिरपूरकर दादा, अर्धं बरोबर. पण लोकांना वाटतं नवीन म्हणजे आतून सगळंच नवीन, तसं नाही. इंजिन त्याच घराण्यातलं आहे, एम-टू-डीआय, २५२३ सीसी, चार सिलिंडर, जे जुन्या पिकअपला होतं तेच पुढं सुधारून आणलंय. मॅक्समध्ये खालच्या मॉडेलला ५२.२ किलोवॅट ताकद आणि २०० एनएम ओढ, वरच्याला ५९.७ आणि २२०. म्हणजे पिस्टन-रिंगवाल्याला काही नवीन शिकायचं नाही. बदल झालाय तो केबिनमध्ये, वायरिंगमध्ये, हौद्यात आणि ते मोबाईलवर गाडी दिसायचं जे आयमॅक्स आहे त्यात. बिघाड झाला तर पहिले तिकडं होईल, इंजिनात नाही. आणि लॅपटॉपचं म्हणाल तर २०२० पासून बीएस-६ (धुराचा नवा नियम) आलं तेव्हाच तो आपल्या गॅरेजात आला, जुन्या पिकअपला पण ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवतो तो), सेन्सर सगळं आहेच, ती काय १९९८ ची गाडी नाही.

केळीवाले भाऊ, तुम्ही ती शोरूममधली जुनी नक्की कधी बनलेली आहे ते विचारलं का? सूट त्याच्यावर ठरते. ते तोंडी सांगतील "यंदाचीच आहे". तोंडी ऐकायचं नाही. चेसिस नंबर घ्या, १७ अक्षरांचा असतो, त्यातलं दहावं अक्षर साधारण वर्षाचं असतं, एन म्हणजे २०२२, पी म्हणजे २०२३. पक्कं करायचं तर विक्री प्रमाणपत्र, तो फॉर्म २१, त्यात बनल्याचा महिना आणि वर्ष लिहावंच लागतं आणि तेच पुढं आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) चढतं. बुकिंगचा पैसा द्यायच्या आधी हे व्हॉट्सअपवर मागून घ्या.

मग गाडीपाशी जा आणि खाली बसा. टायरच्या बाजूला लांबलचक कोड असतो, शेवटचे चार आकडे बघा. २२२२ असेल तर २०२२ चा बाविसावा आठवडा. स्टेपनीचा पण बघा, बरेचदा तो वेगळाच निघतो. गाडी वर्षभर पत्र्याखाली एकाच जागी उभी असेल तर टायर खालून सपाट बसतो, चालवताना चाळीसच्या पुढं स्टिअरिंगला धकधक लागते. बॅटरी बदलून मागा. बॉनेट उघडून वायरिंगला हात लावा, उंदरानं कुरतडलं असेल तर बोटाला लगेच कळतं, शोरूमच्या गोडाउनात उंदरं काही कमी नसतात. आपल्या भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात उभ्या गाडीचं रबर पण वाळतं, दाराच्या बीडिंगा, वायपर, होजपाइप. हे सगळं किरकोळ आहे पण डिलिव्हरीच्या आधी फुकटात होतं, नंतर तुमच्या खिशातून.

मिरची_नंदुरबार

मी मिरचीच्या कामाला दोन गाड्या चालवते, म्हणजे ड्रायव्हर चालवतात, हिशोब मी बघते. तुम्ही सगळे इंजिन-टायर बोलताय, गाडी चालवणार कोण ते कोणी विचारलंच नाही. भाऊ, तुम्ही स्वतः बसणार का ड्रायव्हर ठेवणार?

ड्रायव्हर ठेवणार असाल तर केबिन सगळ्यात पहिले बघा. आमच्याकडं सीझनला ओल्या मिरचीच्या गोण्या पथारीवर (मिरची वाळवायच्या मैदानावर) टाकायच्या, दिवसाला खेपेवर खेप. उन्हाळ्यात जुन्या केबिनमध्ये इंजिनची गरमी पायाला लागते, पोरगा दुपारी दोनला गाडी सावलीत लावून गायब. चांगला ड्रायव्हर हजार रुपये जास्त मिळाले म्हणून नाही जात, पाठ दुखली की जातो. मॅक्समध्ये सीट वर-खाली होते, पाय ठेवायला जागा बरी आहे, शोरूमला जाऊन बसून आले मी. एसी कुठल्या मॉडेलला आहे ते वेगळं विचारा.

मोबाईलवर गाडी दिसायचं मला आवडलं, खरं सांगते. कुठं थांबली, किती वेळ थांबली, डिझेल कुठं गेलं. पण दोन गोष्टी. एक, फुकट किती वर्षं आणि नंतर वर्षाला काय लागेल ते लेखी घ्या. दुसरं, आमच्याकडं धडगाव साइडला सातपुड्यात रेंजच नसते, गाडी अर्धा दिवस नकाशावरून गुल. तुमचं रावेर-सावदा सपाटीवर आहे, तुम्हाला चालेल.

केळीवाला_रावेर

ताई, ड्रायव्हरच ठेवावा लागेल, मी आणि मोठा भाऊ वावरातच असतो. हे डोक्यातच नव्हतं.

गॅरेजवाले दादा, चेसिस नंबर मागितला तर म्हणे सिस्टीम डाउन आहे उद्या देतो 😀

गॅरेजवाला_जळगाव

सिस्टीम डाउन असली तरी नंबर चेसिसवर ठोकलेला असतो. स्वतः जाऊन फोटो काढा.

चाळीसगाव_एक्सप्रेस

टाटाची योद्धा बघितली का कोणी? योद्धा २.० सप्टेंबर २०२२ ला आलीय, तिला पण दोन टन, २.२ लिटर इंजिन आणि २५० एनएम. कन्नड घाट मालासकट चढायचा म्हटलं तर ओढ पाहिजे. बोलेरोच का?

शिरपूरकर_दादा

कारण आप्पा, विकायला काढली की बोलेरो दुसऱ्या दिवशी जाते. विषय भरकटवू नका.

हिशोबी_धुळे

फायनान्सचं काम करतो म्हणून पैशाच्या अंगानं लिहितो, थोडं लांब होईल.

पहिले जुनीची सूट. गाडीचं वय वाढलं की विम्यातली किंमत ठरलेल्या दरानं उतरते: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, सहा महिने ते वर्ष १५, एक ते दोन वर्षं २०, दोन ते तीन ३०. हाच तक्ता मोजपट्टी म्हणून लावा. समजा जुनीची एक्स-शोरूम नऊ लाखाच्या आसपास आहे आणि ती दहा महिने आधी बनलेली निघाली, तर पाच वर्षांनी घेणारा आरसीवरचं वर्ष बघूनच भाव करणार, तेव्हा तो "साहेब मी उशिरा घेतली होती" ऐकत नाही. १५ टक्क्यांनी धरलं तर सव्वा लाखाच्या वर जातं. सत्तर हजारात तुम्ही खूश झालात तर शोरूमवाला तुमच्यापेक्षा जास्त खूश. त्यात नवीन मॉडेल आलेलं. म्हणून लाखाच्या पुढं ओढा, आणि विमा "फुकट" म्हणतात तो कितीचा आहे तो आकडा वेगळा लिहून घ्या, पुष्कळदा सूट आणि विमा एकाच पैशाला दोनदा दाखवतात. गाडी दोन-तीन महिन्यांचीच निघाली तर मात्र सत्तर हजार वाईट नाहीत.

दुसरं, पावणेदोन लाख जास्त कशासाठी देताय? हौदा आणि वजन, बाकी सगळं नंतर. मॅक्समध्ये सगळ्यात लांब हौदा ३०५० मिलिमीटर, म्हणजे दहा फूट. जुन्या मोठ्याचा नऊ. लोक म्हणतात एका फुटानं काय होतं. तुमचं केळीचं कॅरेट साधारण दोन फूट बाय सव्वा फूट असतं ना? नऊ फुटात लांबीला चार बसतात आणि एक फूट नुसता मोकळा ऱ्हातो, दहा फुटात पाच बरोबर बसतात. रुंदीला दोघींत चार. म्हणजे एका थरात १६ का २०. पाच थर लावले तर ८० का १००. भरलेलं कॅरेट वीस किलो धरा, तर १६०० किलो का २०००. बघा, वजनाचा हिशोब पण बरोबर १.७ टन आणि दोन टनाशी जुळतो, कुठं ओव्हरलोड नाही. ओव्हरलोड सापडला तर २०१९ च्या कायद्यानं वीस हजार आणि वर जास्तीच्या प्रत्येक टनाला दोन हजार, ते कॅरेटवर निघणार नाहीत.

पण खरा प्रश्न पुढं आहे. तुम्हाला भाडं कशावर मिळतं, खेपेवर का मालावर? खेपेवर असेल तर ती वीस कॅरेट तुम्ही फुकट वाहणार, डिझेल तुमचं, टायर तुमचा, वरचा हप्ता पण तुमचा. मग जुनी घ्या आणि सूट ओढा. क्विंटलवर किंवा कॅरेटवर असेल तर दर पाच खेपांत एक खेप वाचते, बऱ्हाणपूरच्या फेरीत ते लगेच दिसतं.

परमिटचं बोलून टाकतो, सगळे विचारतात. गाडीसकट एकूण वजन ३००० किलोच्या आत असलं तरच परमिट लागत नाही. तुमच्या दोन्ही पर्यायांत ते वर जातं, त्यामुळं तिथं फरक नाही, आणि बऱ्हाणपूर म्हणजे मध्य प्रदेश, नॅशनल परमिट धरूनच चाला.

केळीवाला_रावेर

हिशोबी भाऊ, कॅरेटचा हिशोब वाचून आत्ता टेप घेऊन घरच्या कॅरेटवर लावला, दोन फुटाला किंचित कमी भरतं, म्हणजे जुळतंय. शेजारचे शेतकरी खेपेवर देतात, व्यापारी क्विंटलवर. अर्धं-अर्धं समजा. वरून घडाचा माल कमीच झालाय आता, जो तो कॅरेट नाहीतर बॉक्स मागतो, त्यामुळं पुढं क्विंटलचंच काम वाढेल असं वाटतं.

मला जरा नवीनकडं वळावंसं वाटू राह्यलं. पण एक शेवटचं विचारतो, गावात एक वेल्डिंगवाला म्हणतो जुनी घ्या, मी हौदा मागून एक फूट वाढवून देतो, पंचवीस हजारात काम. तसं केलं तर दोन्ही हातात लाडू नाही का?

गॅरेजवाला_जळगाव

अजिबात नको. हौदा मागं वाढला म्हणजे वजन मागच्या धुरीच्या (एक्सलच्या) पण मागं लटकतं. पुढचं चाक हलकं होतं, ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते, आणि तुमच्या काळ्या मातीच्या चढावर तर पुढून उचलायला लागेल. पाटे १.७ टनाचेच आहेत ते काही वेल्डिंगवाला बदलून देणार नाही. पाच थर शंभर कॅरेट भरले की पहिले मागचा पाटा बसेल.

हिशोबी_धुळे

आणि कायद्यात पण बसत नाही. कंपनीनं जे दिलंय आणि आरसीवर जे लिहिलंय त्याच्यात असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं चालत नाही. पासिंगला अडवतील ते सोडा, अपघात झाला आणि सर्व्हेअरनं टेप लावला तर क्लेम गेला. दहा फूट पाहिजे तर कंपनीचा दहा फूट घ्या.

मिरची_नंदुरबार

भाऊ नवीन घेतलीत तर एक करा, टेस्ट ड्राइव्ह रिकामी घेऊ नका. शोरूमवाल्याला म्हणा शंभर भरलेली कॅरेट टाकतो, सावद्यापर्यंत जाऊन येऊ. कुरकुर करतील पण बुकिंगच्या आधी ऐकतात, नंतर नाही. आणि सोबत जो ड्रायव्हर ठेवणार आहात त्याला घेऊन जा, स्टिअरिंगवर त्यालाच बसवा.

गॅरेजवाला_जळगाव

ताईंचं बरोबर. परत आल्यावर चाकाच्या डिस्कला हात लावून बघा, चारपैकी एकच जास्त तापलं असेल तर ब्रेक चिकटतोय, तिथंच दाखवा. मॅक्सची सर्व्हिस वीस हजार किलोमीटरला असं कंपनी सांगते, पण आपल्याकडच्या धुळीत एअर फिल्टर त्याच्या बराच आधी काढून झटकायचा, हे जुनी घ्या नाहीतर नवीन, दोघींना लागू.

केळीवाला_रावेर

ठीक. सोमवारी ड्रायव्हरला घेऊन जातो, जुनीचा चेसिस नंबर स्वतः बघतो. दोन-तीन महिन्यांची निघाली आणि लाखावर सूट आली तरच जुनी, नाहीतर दोन टनवाली मॅक्स. कॅरेट शोरूमपर्यंत न्यायला परत तोच भाड्याचा गाडीवाला बोलवावा लागेल, तो निघालोच म्हणाला की इथं कळवतो.