चर्चचं विद्यापीठ: प्रवेशाआधी विचारायच्या गोष्टी

चर्चच्या छोट्या विद्यापीठात धर्मच जास्त आणि अभ्यास कमी, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. पुण्याचं स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ बघा, ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचं. १९१५ मध्ये कोइमतूरला सुरू झालेली संस्था, २०१४ च्या कायद्याने विद्यापीठ झाली. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस, त्यामुळे शनिवारी तास नाहीत. पुस्तकं मिटून सगळ्यांनी एकत्र बसायचा हा दिवस मला फार मोलाचा वाटतो. वर्ग लहान असला की सर नावाने ओळखतात, दांडी लगेच कळते. विषयांची निवड मात्र मोठ्या विद्यापीठाएवढी मिळत नाही. प्रवेशाआधी प्रार्थनेची हजेरी आणि वसतिगृहाचे नियम नक्की विचारा, मेसमध्ये मांसाहार मिळतो का तेही.