स्तनाच्या ऑपरेशननंतर, घरात अडकलेलं असताना व्यायाम कसा सुरू केलात?

उंबरठा:
ऑपरेशनला आज पाच आठवडे झाले. डावा स्तन काढला, काखेतले अकरा लिम्फ नोड (शरीरातला द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी) काढले, दोनमध्ये कर्करोग निघाला. ड्रेनची नळी सोळाव्या दिवशी निघाली, जखम कोरडी आहे. दोन आठवड्यांनी केमो सुरू होईल, नंतर रेडिएशन.

अडचण व्यायामाची आहे. आजारापूर्वी मी आठवड्यातले चार दिवस पळायचे आणि दोन दिवस वजनं उचलायचे. आता डावा हात खांद्याच्या थोडा वर जातो आणि अडतो. डोक्यावरून घालायचे कपडे बंद. घरी सोडताना व्यायामाचा एक कागद दिला, पण तो झेरॉक्सची झेरॉक्स आहे, चित्रातल्या बाईचे हात कुठे संपतात तेही कळत नाही. फिजिओथेरपी विभाग कोविडच्या साथीमुळे बंद आहे. तपासणी व्हिडिओ कॉलवर झाली, त्यातला निम्मा वेळ 'आवाज येतोय का' यात गेला.

आणखी एक. हात बाजूला नेला की काखेतून कोपरापर्यंत तारेसारखं काहीतरी ताणतं. कातडीखाली दिसतंसुद्धा. हे काय आहे? आणि वजनं पुन्हा कधी उचलता येतील का? घरी बसून ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. 'सकारात्मक राहा' हे भरपूर ऐकून झालंय.

काजवा:
शेवटच्या वाक्याला अनुमोदन!

माझं ऑपरेशन सहा वर्षांपूर्वी झालं. ती तार मलाही होती. तिला कॉर्डिंग म्हणतात. काखेतले नोड काढल्यावर काही आठवड्यांत दिसायला लागते, कुणाची कोपरापर्यंत तर कुणाची थेट मनगटापर्यंत जाते. मला वाटलं आत टाका तुटला, रात्रभर झोपले नाही. बहुतेकींची काही महिन्यांत जाते. पण 'दुखतंय म्हणून हलवत नाही' असं केलंत तर खांदा आखडतो, मग दोन दुखणी होतात.

मी काय केलं ते सांगते. उताणं झोपायचं, गुडघे दुमडून. दोन्ही हातांत मॉपचा दांडा धरायचा आणि चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला डोक्याकडे न्यायचं. ताण जाणवेल तिथे थांबून पाच श्वास, मग परत. झटका अजिबात नाही. दुसरा प्रकार भिंतीसमोर उभं राहून बोटं वर वर चालवत न्यायची. रोज जिथे पोचाल तिथे पेन्सिलने खूण करा. पहिला आठवडा माझ्या सगळ्या खुणा एकावर एक होत्या, चिडून पेन्सिल फेकली होती.

दिवसातून एकदा अर्धा तास करण्यापेक्षा तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं जास्त कामाला आलं. दंडाच्या आतल्या बाजूला बधिर वाटत असेल तर तेही नेहमीचं आहे, तिथली नस ऑपरेशनमध्ये दुखावते.

रोखठोक:
कुणाला आवडो न आवडो, स्पष्ट सांगते. नोड काढलेल्या हाताने वजन उचलायचं नाही. कधीच नाही. हात सुजला की आयुष्यभराचं दुखणं. मी बारा वर्षं त्या हाताने भरलेली पिशवीसुद्धा उचललेली नाही आणि माझा हात ठीक आहे. पळणं, वजनं हे सगळं आता विसरा. चाला, तेवढं पुरे.

खांदेपालट:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, कर्करोगाच्या रुग्णांबरोबरच काम करते. रोखठोक ताई, तुम्हाला जे सांगितलं गेलं ते त्या काळात जवळजवळ सगळ्यांनाच सांगत. चूक तुमची नाही. पण तो सल्ला आता मागे पडलाय आणि उंबरठा यांनी तो धरून बसू नये, म्हणून जरा लांबण लावते.

१९९६ साली कॅनडात डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यक डॉक्टरांनी स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या २४ बायकांना ड्रॅगन बोट (अनेकांनी मिळून वल्हवायची लांब नाव) वल्हवायला बसवलं. वल्हवणं म्हणजे हात आणि खांद्यांची जबर मेहनत, तेही पुन्हा पुन्हा, म्हणजे तेव्हाच्या समजुतीप्रमाणे नेमकं नको तेच. त्या मोसमात एकीचाही हात नव्याने सुजला नाही. हा गट लहान होता. पुढे कॅथरिन श्मिट्झ यांनी अमेरिकेत रीतसर चाचण्या केल्या. २००९ च्या चाचणीत आधीच हात सुजलेल्या १४१ बायका होत्या. अर्ध्यांनी आठवड्यातून दोनदा वजनं उचलली. वर्षाअखेर सूज वाढण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखं होतं, आणि त्रास उफाळण्याचे प्रसंग वजनं उचलणाऱ्यांत कमी होते. २०१० ची चाचणी सूज नसलेल्या पण धोका असलेल्या बायकांवर होती. त्यांच्यापैकी पाच किंवा जास्त नोड काढलेल्यांमध्ये हात सुजण्याचं प्रमाण वजनं उचलणाऱ्यांत ७ टक्के, न उचलणाऱ्यांत २२ टक्के निघालं. उंबरठा, तुमचे अकरा काढलेत, म्हणून हा आकडा मुद्दाम दिला.

पण त्या बायकांनी सुरुवात जवळजवळ शून्य वजनाने केली होती, सुरुवातीचे आठवडे शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली. वजन वाढवायचं ते सगळ्यात लहान टप्प्याने, आणि आधीच्या काही वेळांत हातात काही बदल झाला नसेल तरच. जिममध्ये परत येऊन पहिल्याच दिवशी जुनं वजन उचलणाऱ्यांना या चाचण्यांचा आधार घेता येणार नाही.

तुमच्यापुरतं: अजून वजनं नकोत. आधी हात पूर्ण वर जाऊ दे. हे रेडिएशनच्या आधी होणं दुहेरी गरजेचं, कारण तिथे हात डोक्यावर ठेवून स्थिर पडून राहावं लागतं. रेडिएशनचा आखडपणा कधी कधी काही महिन्यांनी येतो, म्हणून ताणाचे व्यायाम रेडिएशन संपलं तरी थांबवू नका. चालणं आजपासून, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. पळण्याची परवानगी सर्जनकडून घ्या.

आणि साथ असली तरी एकदा कुणीतरी प्रत्यक्ष हात लावून तपासलं पाहिजे. कॉर्डिंग मला इथून दिसत नाही. विभाग बंद असेल तर सर्जनना विचारा, ड्रेसिंग किंवा रक्ततपासणीला जाल तेव्हाच पंधरा मिनिटं फिजिओची वेळ लावता येते का. मास्क लावून ते सगळं करता येतं.

चष्मेवाला:
बायकोच्या बाबतीत आम्ही दोघांनी मिळून केलं, त्यातल्या दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत.

व्हिडिओ कॉलला फोन हातात धरू नका. खुर्चीवर पुस्तकांच्या थप्पीला आडवा टेकवा, दोन मीटर मागे उभे राहा, खिडकी पाठीमागे नको. समोरून, बाजूने आणि पाठमोरं असं तिन्हीकडून दाखवा. आम्ही पाठ दाखवली तेव्हा कळलं की हात वर नेताना ती खांदा कानाशी ओढत होती आणि कमरेतून वाकत होती. हात वर गेल्यासारखा दिसायचा, जात नव्हता.

दुसरं, शिंप्याची टेप. मनगट, आणि तिथून दर १० सेंटीमीटरवर घेर, दोन्ही हातांचे. वेळ तीच ठेवा, टेप आवळू नका. पहिलं माप आत्ताच घ्या, नंतर तुलना कशाशी करणार? उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा उजवा मुळातच थोडा जाड असतो, त्याने आम्ही उगाच घाबरलो होतो.

खांदेपालट:
छान लिहिलंत. दोन हातांत २ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक नव्याने दिसला, किंवा घेर तोच पण अंगठी-घड्याळ घट्ट होतंय, हात जड वाटतोय, तर दाखवा. हात लाल, गरम आणि ताप असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

केमोत डोस झाल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या दिवसांत गर्दी टाळा असं आम्ही कोविडच्या आधीही सांगायचो. ताप ३८ अंश सेल्सिअसवर (१००.४ फॅरनहाइट) गेला तर तो कोविडचा की कशाचा हा विचार घरी करत बसू नका, लगेच फोन करा.

रोखठोक:
खांदेपालट, तुमचं दोनदा वाचलं. मला बारा वर्षांत हे कुणी सांगितलं नाही. भाची लहान होती तेव्हा तिला कडेवर घेतलं नाही मी, हात सुजेल म्हणून. आता ती माझ्यापेक्षा उंच आहे.

आता सुरू करून काही उपयोग आहे का?

खांदेपालट:
आहे. आधी दोन्ही हातांचं माप आणि एक तपासणी, मग अर्ध्या किलोपासून. तुमचा प्रश्न स्वतंत्र धागा काढून विचारलात तर जास्त जणी वाचतील, तुमच्यासारख्या पुष्कळ आहेत.

उंबरठा:
नऊ आठवड्यांनी परत आले. उशिराबद्दल माफी, मध्ये केमोने लोळवलं होतं.

ड्रेसिंगच्या दिवशी फिजिओ भेटली. दोन मास्क आणि चेहऱ्यावर ढाल, चेहरा शेवटपर्यंत दिसला नाही, पण पंधरा मिनिटांत तिने जे बोटांनी दाखवलं ते त्या झेरॉक्समधून जन्मात कळलं नसतं. तार कॉर्डिंगचीच. आता फक्त हात पूर्ण बाजूला नेला तर जाणवते. भिंतीवरची पेन्सिल उजव्या हातापेक्षा चार बोटं खाली आहे. डोस झाल्यावर पहिले चार दिवस घरातल्या घरात दहा-दहा मिनिटं चालते, तेही कधी कधी नाही. तिसऱ्या आठवड्यात अर्धा तास भरभर. पळणं अजून नाही.

डंबेल अर्ध्या किलोची आणली. माझ्या जुन्या दहा किलोच्या शेजारी ती खुळखुळ्यासारखी दिसतात. आठवड्यातून दोनदा, दुसऱ्या दिवशी टेप. अजून फरक नाही.

एक शंका राहिली. कोविडची लस घ्यायची आहे, कुठल्या हातात?

खांदेपालट:
उजव्या. तिथे अडचण असेल तर मांडीत देतात. लसीनंतर त्या बाजूच्या काखेत नोड सुजू शकतो, तो काही दिवसांत उतरतो. मॅमोग्राफी किंवा स्कॅनला जाल तेव्हा लस कधी आणि कुठल्या हातात घेतली ते आठवणीने सांगा. आणि दंड दुखत असेल तर दोन दिवस डंबेल राहू द्या.

काजवा:
चार बोटं!! मला तिथे पोचायला पाच महिने लागले होते.